बाबांचा घसरता सूर

पलंग आत यायचा तर बाबांचा सिंथेसायझर बाहेर जायला हवा होता. दोन्ही त्या खोलीत मावणार नव्हते. मी आडवं-उभं सगळं मोजून पाहिलं होतं, आणि मोजताना दोनदा भिंतीला लाथही मारली होती.

पलंग दवाखान्यातला होता, डोक्याकडची बाजू वर उचलणारा. आईसाठी. बरी झाली म्हणून घरी आणतात ती माणसं वेगळी. आईला आम्ही तशी आणली नव्हती. डॉक्टरांनी नुसतं म्हटलं होतं, "घरी न्या, त्यांना आवडेल तसं राहू दे."

तर शेजारचे काका पुढून आणि मी मागून, असं ते धूड चादरीत गुंडाळून आम्ही जिना उतरत होतो. खाली भंगारवाला थांबला होता. तेवढ्यात वळणावर एक उंच, काटकुळा माणूस समोर आला. हातात ओली छत्री, खांद्याला हत्यारांची पिशवी. वरच्या मजल्यावर कुणाचा तरी रेडिओ दुरुस्त करायला निघाला होता, असं नंतर कळलं. चादरीतून डोकावणाऱ्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्या त्याने पाहिल्या आणि असा ओरडला की काकांच्या हातून पुढचं टोक निसटायचंच बाकी राहिलं.

"अहो, आडवा धरा! उभा नाही धरायचा!"

"तुम्ही कोण?"

"मी... कुणी नाही. पण उभा धरलात तर आतलं सगळं निखळेल."

"निखळू दे. भंगारातच चाललाय."

त्यावर तो माणूस सरळ पायरीवर बसला. वाट अडवून!

"मग माझ्यावरून न्या," म्हणाला.

"उठा हो. नसती उठाठेव कुणी सांगितलीय तुम्हाला?"

"कुणीच नाही. सवय आहे." आणि हसला. हसायला बरा होता, पण मला त्या दिवशी कुणाचं हसणं बघायचंच नव्हतं.

"पोरी, तुमचं काय ते ठरू दे," म्हणत काकांनी त्यांचं टोक खाली टेकवलं. "माझी कंबर गेली."

त्याने चादर हळूच बाजूला केली, झोपलेल्या माणसाच्या अंगावरून करावी तशी. आत सगळ्या बटणांवर, गोल फिरत्या खुंट्यांवर पिवळी पडलेली चिकटपट्टी होती.

"ही कुणी लावली?"

"बाबांनी. कुणी हलवू नये म्हणून."

"म्हणजे एकच आवाज?"

"एकच. जन्मभर."

मग तो मला समजावायला लागला, की या जुन्या मशीनला काही लक्षात ठेवता येत नाही. नवी मशीनं हजार आवाज पोटात ठेवतात. याच्यात खुंट्या जिथे उभ्या असतील तोच आवाज. कुणी त्या फिरवल्या की गेला. "त्यामुळे ही पट्टी म्हणजे..."

"ही पट्टी म्हणजे पट्टी," मी म्हटलं. "उठता का आता?"

तेवढ्यात वरून, उघड्या दारातून, आईचा आवाज आला. बारीक, पण खणखणीत. "अगं, सवतीला नेलं का गं?"

आई त्या सिंथला सवतच म्हणायची.

"नेतेय!"

"जायच्या आधी एकदा वाजव तिला. मग ने कुठे न्यायची तिथे."

"आई, बाबा गेल्यापासून तो चालूच होत नाही!"

"मी करतो चालू," पायरीवरचा माणूस म्हणाला. मला नाही, वर तोंड करून आईला.

"मग कर बाबा लवकर," आई म्हणाली. "माझ्याकडे वेळ नाही."

आई हसतच म्हणाली ते, जशी काही तिला गाडी पकडायची होती. मी काकांना म्हटलं, भंगारवाल्याला परत पाठवा.

*

बाबा एका स्टुडिओत हे मशीन वाजवायचे. मग कॉम्प्युटर आले, एक पोरगा एका बोटाने सगळं वाजवायला लागला, आणि बाबांना सांगितलं, आता नको. ते निघाले तेव्हा स्टुडिओवाल्यांनी मशीन फेकायलाच काढलं होतं, तेच घेऊन ते घरी आले. पुढे गोदामात चिकटले. पण संध्याकाळी घरी आले की चप्पल काढायच्या आधी सिंथचं बटण दाबायचे. लाल दिवा लागायचा. लगेच वाजवायचं नसतं, मशीन गरम व्हावं लागतं, नाहीतर सूर जागेवर राहत नाही. आतून आई म्हणायची, "आलात? चहा टाकते." चहा होईपर्यंत सिंथ गरम व्हायचा. चहा पिऊन बाबा वाजवायचे, काहीतरी चार पट्ट्यांचं, स्वतःपुरतं.

आणि तो आवाज! सरळ निघायचा आणि मधेच जरासा घसरायचा. जिन्यात पाय घसरला पण पडला नाही, तसा. मग सावरून परत जागेवर. लहानपणी मला त्याचं हसू यायचं. आईला तो ऐकल्याशिवाय भाजी चिरता येत नसे.

आता तिला तो एकदा ऐकायचा होता. बाकी तिने काही मागितलं नव्हतं. मागायला उरलं तरी काय होतं?

*

पायरीवरच्या त्या माणसाने सिंथ त्याच्या दुकानात नेला. ते एका घड्याळाच्या दुकानामागे होतं. पुढे त्याचे मामा डोळ्याला भिंग लावून घड्याळं उघडायचे, मागे हा. खोलीत जुने सिंथ एकावर एक रचलेले, आणि हवेत वितळलेल्या शिशाचा वास.

मी कपडे धुऊन-इस्त्री करून देणाऱ्या दुकानात कामाला. संध्याकाळी सुटले की घरी जाताना तिथे डोकावायचे. आईचं काम आहे म्हणून. पहिले काही दिवस तरी आईचंच काम होतं.

"तुमच्या अंगाला वाफेचा वास येतो," एकदा तो मान वर न करता म्हणाला.

"तुमच्या अंगाला जळक्या वायरचा."

"मग जमेल आपलं. आग दोघांकडे आहे."

"आगाऊपणा मात्र एकाकडेच."

पुढच्या खोलीत मामा खोकले. खोटं खोटं.

त्याच्याकडे केस वाढवलेली पोरंपोरी यायची, या जुन्या मशीनांसाठी वेडी झालेली. कंपन्यासुद्धा आता तशीच्या तशी नवी काढतात म्हणे. बाबांच्या हयातीत ज्याला कुत्रं विचारत नव्हतं, त्याच्यासाठी आता रांग. "बाबा असते तर काय म्हणाले असते?" त्याने विचारलं. "शिव्या दिल्या असत्या," मी म्हटलं, आणि बोलता बोलता रडायलाच लागले. त्याने पंखा माझ्याकडे वळवला. रडू थांबवायला पंखा! मला त्याही अवस्थेत हसू आलं.

एके दिवशी त्याने आतला एक फुगलेला डबा दाखवला, अंगठ्याएवढा. वीज येते तिथला. "हा गेला होता. एवढा बदलला की चालू होईल."

"मग बदला की."

"बदललाच. पण आता उघडलंच आहे तर सगळंच नवं करतो. हे याचेच छोटे भाऊ, कपॅसिटर, सगळे म्हातारे झालेत. आवाज एकदम स्वच्छ करून देतो, तुमच्या आईंसाठी. आणि..."

"आणि?"

"आणि मग उद्याही तुम्हाला यावं लागेल."

बाहेर भुरभुर पाऊस होता. त्याने छत्री पुढे केली, मी नको म्हटलं आणि वेड्यासारखी भिजत, हसत घरी गेले.

आईने उशीवरूनच पाहिलं. "उशीर झाला."

"काम होतं."

"कामाला दाढी आहे का गं?"

"आई!"

"बरं बरं." तिने डोळे मिटले. तोंडात घातलेला घास तिने परत काढून ठेवला होता. ताटात सगळं तसंच होतं.

*

मशीन घरी न्यायच्या दिवशी त्याने माझ्या हातात प्लास्टिकची छोटी पुडी ठेवली. आत ते काढलेले जुने कपॅसिटर, गोळ्यांसारखे.

"हे कशाला?"

"मामांचा नियम. काढलेलं मालकाला परत द्यायचं. नाहीतर लोक म्हणतात, नुसतं पुसून दिलं."

"मी काय करू यांचं? कानात घालू?"

"घाला. शोभतील."

मी पुडी पर्समध्ये टाकली आणि विसरून गेले.

सिंथ बाहेरच्या खोलीत मांडला, आईला पलंगावरून सरळ दिसेल असा. चिकटपट्टी जशीच्या तशी होती; एकही खुंटी जागची हलू न देता त्याने सगळं काम केलं होतं. त्याने आधी फोटो काढून ठेवला होता, ताडून पाहिलं. लाल दिवा लागला. आईने मला केस विंचरायला लावले. मशीन गरम होईपर्यंत आम्ही तिघं थांबलो. मग मी त्याला बाबांच्या चार पट्ट्या दाखवल्या आणि त्याने वाजवल्या.

आवाज निघाला. भरदार, गोल, स्वच्छ. निघाला तो सरळ गेला. कुठेच घसरला नाही.

आई ऐकत राहिली. मग अगदी पाहुण्याशी बोलावं तसं म्हणाली, "छान आहे हो... कुणाचं आहे?"

त्याचे हात पट्ट्यांवर तसेच राहिले.

"आई, आपलं आहे. बाबांचं."

"हो का?" आई म्हणाली. तिने मान पलीकडे वळवली. रुसली असती तरी चाललं असतं. ती नुसती थकल्यासारखी झाली, वाट बघून बघून माणूस होतो तशी.

मी त्याला दंड धरून जिन्यात बाहेर काढलं.

"तुला कुणी सांगितलं होतं सगळं बदलायला?"

"आवाज साफ व्हावा म्हणून मी..."

"साफ नको होता! मधेच घसरायचा तसाच हवा होता! चालू कर म्हटलं होतं, फक्त चालू! रोगापेक्षा औषध भयंकर केलंस तू."

"तो घसरायचा तो बिघाड होता," तो हळू म्हणाला. "जुन्या पार्टांमुळे. माझ्या लक्षात यायला हवं होतं... मी त्याआधी ऐकलंच नव्हतं ना कधी."

"त्या बिघाडालाच आम्ही बाबा म्हणत होतो!"

मी रागाच्या भरात त्याला 'तू' म्हणत होते, हे माझ्या नंतर लक्षात आलं. त्याच्या तेव्हाच आलं असावं. त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं, आणि छत्री न घेताच पावसात निघून गेला.

*

आईने पुन्हा सिंथचं नाव काढलं नाही. ती आता पाणीही चमच्याने घ्यायची. मी तिच्याजवळ बसायचे आणि मनातल्या मनात त्याच्याशी भांडायचे. सगळं भांडण मीच जिंकायचे, तरी जिवाला चैन नव्हतं. तो नसण्याचा राग तो असण्याच्या रागापेक्षा जास्त होता, खरं सांगते.

मग एका दुपारी औषधाच्या दुकानात डॉक्टरांची चिठ्ठी शोधताना पर्समधून ती पुडी निघाली.

मी तिच्याकडे बघत उभी राहिले. दुकानदार म्हणाला, "बाई, चिठ्ठी?" मी त्याच्या हातात चिठ्ठी कोंबली, औषधं घेतली आणि पळत सुटले.

मामा दारातच होते. "बरं झालं आलीस. कामाला हात लावत नाही तो. नुसता बसलाय."

तो खरंच नुसता बसला होता. मी पुडी टेबलावर आपटली. "परत घाल."

त्याने पुडीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "हे खराब आहेत."

"माहितीये."

"किती टिकतील सांगता येत नाही. आज चालतील, उद्या एखादा जाईल."

"आमच्याकडे सध्या कुणाचंच सांगता येत नाही."

तो उठला. हत्यारांची पिशवी घेतली. चांगलं दुरुस्त केलेलं मशीन स्वतःच्या हाताने बिघडवायला निघाला होता बिचारा, आणि वाटेत एका शब्दाने कुरकुरला नाही.

बाहेरच्या खोलीत जमिनीवर बसून त्याने झाकण उघडलं. मी बॅटरी धरली. कपॅसिटरवरचे पुसट आकडे वाचून तो एकेक जागा शोधत होता. नवा काढायचा, जुना लावायचा, शिशाचा थेंब, धुराची रेघ. मग चालू करायचं आणि गरम होईपर्यंत थांबायचं. थांबणंच आईला परवडत नव्हतं. तिचा श्वास मधेच अडायचा, आम्ही दोघं मान वर करायचो, श्वास परत सुरू व्हायचा.

वाजवलं. सरळ आवाज. उशीवर आईची मान किंचित हलली. नाही.

पुन्हा बंद, पुन्हा दुसरा. वाजवलं. नाही.

त्याच्या कपाळावरून घाम नाकावर येत होता. मी पदराने, म्हणजे ओढणीच्या टोकाने, तो पुसला. त्याने वर पाहिलं नाही, नुसता पुढचा कपॅसिटर उचलला.

"हा शेवटून दुसरा," तो पुटपुटला. "हाच असेल. हाच असू दे..."

लाल दिवा. आम्ही थांबलो. बाहेर पागोळ्या गळत होत्या. मग त्याने बाबांच्या पट्ट्या दाबल्या.

आवाज सरळ निघाला, मधेच जरासा घसरला, आणि सावरून जागेवर आला.

आईने डोळे उघडले. तिने आमच्याकडे पाहिलंच नाही. ती दाराकडे बघत होती, जिथे बाबा चप्पल काढायचे.

"आलात?" ती म्हणाली. "चहा टाकते." आणि उठायला म्हणून तिने पलंगाची कड धरली.

"बस तू आई," मी म्हटलं. कसं म्हटलं देव जाणे. "मी टाकते."

मी आत जाऊन चहा टाकला. ओट्याशी उभी राहून ढसाढसा रडले. बाहेर तो वाजवत होता, त्याच चार पट्ट्या, पुन्हा पुन्हा. थांबायची त्याला भीती वाटत होती, हे मला न बघताही कळत होतं. आईने त्या चहाचे दोन चमचे घेतले. "साखर कमी आहे," म्हणाली. तिच्या तोंडून निघालेलं ते शेवटचं वाक्य.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती गेली.

*

पलंग नेला. फरशीवर त्याच्या चाकांच्या खुणा राहिल्या, मी पुसल्या तरी गेल्या नाहीत. काका आणि मी सिंथ परत आतल्या खोलीत ठेवला. एकदा धीर करून बटण दाबलं. दिवा लागला, पण आवाज आला नाही. आत काहीतरी गेलं होतं. मला आश्चर्य वाटलं नाही. रडूही आलं नाही; ते संपलं होतं.

तो बरेच दिवस आला नाही. मीही गेले नाही. मग एका संध्याकाळी दारात उभा.

"छत्री न्यायला आलो."

"पाऊस तर थांबला."

"म्हणूनच आलो. असता तर भिजलो असतो ना."

मी हसले. किती दिवसांनी! तो आत आला, मुक्या सिंथशेजारी बसला. "जुना पार्ट गेला?"

"गेला."

"नवे घालू? घातले तर..." त्याने वाक्य सोडून दिलं.

"तो आवाज परत येणार नाही. माहितीये मला." मी थोडा वेळ चाकांच्या खुणांकडे बघत राहिले. "तो ज्यांचा होता ती दोघं आता एकत्र आहेत. घाल तू नवे."

मग मी पुढे होऊन ती पिवळी पट्टी स्वतःच ओढली. चर्रर्र करत निघाली. एक खुंटी धरली आणि फिरवली, आयुष्यात पहिल्यांदा. केवढी सैल होती ती!

तो माझ्या हाताकडे बघत होता. "मामा रागावले होते माझ्यावर. चाललंय त्याला हात लावू नये म्हणाले. मी तुझ्यासाठी म्हणून जास्तीचं करायला गेलो आणि..."

"माझ्यासाठी?"

"मग काय, मामांसाठी?" त्याचे कान लाल झाले. "यापुढे विचारून हात लावेन."

"विचार मग."

त्याने विचारलं नाही. नुसता तळहात पुढे केला, शिशाचे बारीक डाग पडलेला. मी माझा हात त्यात ठेवला. आईला दिसलं असतं तर तिने काय चेष्टा केली असती, या विचाराने माझे डोळे भरले. त्याने इकडे तिकडे पाहिलं. पंखा शोधत होता, दुसरं काय.

नवे कपॅसिटर बसवले त्याला आता काही दिवस झाले. आवाज अजून ठरलेला नाही. रोज आम्ही खुंट्या फिरवून बघतो, रोज भांडतो. काल मी दुकानातून लवकर सुटले. घर रिकामं होतं, तसं ते रोजच असतं, त्याची सवय व्हायची आहे. दिवा लावायच्या आधी मी सिंथचं बटण दाबून ठेवलं, गरम व्हायला वेळ लागतो म्हणून. मग जिन्यात त्याची पावलं वाजली. वळणावर तो रोज जरासा अडखळतो.

"आलास?" मी आतूनच म्हटलं. "चहा टाकते."

पावलं दारात थांबली. मीही ओट्याशी थांबले. ते वाक्य कुणाचं होतं ते दोघांनाही माहीत होतं. चपला काढल्याचा आवाज आला, मग त्याने लाल दिव्याकडे पाहिलं असावं.

"आधीच चालू केलास?" त्याने विचारलं.

"तू येणार म्हणून," मी म्हटलं, आणि चहाला साखर जरा जास्त घातली.